विश्लेषण : रायफलचा दोन टप्प्यांचा ट्रिगर बोटाला नेमका कसा जाणवला पाहिजे?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्यानंतर राज्यात अनेक घरांत एकच हट्ट सुरू झाला, ‘मला शूटिंग शिकायचंय’. जालना जिल्हाही त्याला अपवाद नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत रायफल शूटिंग आहे, कॉलेजात एनसीसी आहे. त्यामुळे मुलांच्या हाती पहिल्यांदा रायफल येते ती शाळा-कॉलेजच्या वयातच. मग पालकांपुढे प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा. स्पर्धेची परदेशी बनावटीची एअर रायफल काही लाखांत जाते. ती घेताना किंवा क्लबमधली वापरताना सर्वाधिक चर्चा होते ती ट्रिगरची. ‘ट्रिगर एकदम हलका पाहिजे’ हा सल्ला तर सर्रास दिला जातो. तो कितपत बरोबर आहे? दोन टप्प्यांचा ट्रिगर म्हणजे काय? आणि तो चांगला आहे की नाही, हे बोटाने कसे ओळखायचे? समजून घेऊया.

दोन टप्प्यांचा ट्रिगर म्हणजे काय?

ट्रिगर, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत चाप, हा मुळात एक तरफ आहे. रायफल भरली की आतला हातोडा किंवा फायरिंग पिन स्प्रिंगच्या दाबाखाली अडवून धरलेली असते. तिला अडवणाऱ्या छोट्या पोलादी खाचेला ‘सिअर’ म्हणतात. ट्रिगर ओढला की सिअर सरकते, अडवलेला भाग सुटतो आणि गोळी किंवा पेलेट निघते.

एका टप्प्याच्या ट्रिगरमध्ये बोट ठेवले की थेट त्या खाचेवरच दाब पडतो. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये मात्र ही क्रिया दोन भागांत विभागलेली असते. पहिल्या टप्प्यात ट्रिगर हलक्या स्प्रिंगच्या विरोधात काही मिलिमीटर मागे येतो. या प्रवासात गोळी सुटत नाही. त्यानंतर बोटाला स्पष्ट अडथळा लागतो. नेमबाज त्याला ‘वॉल’ म्हणतात. इथपासून पुढे थोडासा जादा दाब दिला की दुसरा टप्पा पार होतो आणि गोळी सुटते.

मोटारसायकल चालवणाऱ्यांना हे चटकन कळेल. क्लचची लिव्हर दाबताना सुरुवातीला थोडा ‘फ्री प्ले’ असतो. लिव्हर हलते, पण काही घडत नाही. मग एका ठिकाणी केबल ताणली गेल्याचे बोटांना कळते आणि खरे काम तिथून सुरू होते. ट्रिगरचा पहिला टप्पा म्हणजे तो फ्री प्ले आणि ‘वॉल’ म्हणजे केबल ताणली जाते ती जागा. फरक इतकाच की क्लचमध्ये पुढे बराच प्रवास असतो. ट्रिगरमध्ये त्यापुढे बोटाला हालचाल जाणवताच कामा नये.

ही कल्पना नवीन आहे का?

अजिबात नाही. भारतीय पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेली .३०३ ली-एनफिल्ड रायफल दोन टप्प्यांच्या ट्रिगरचीच होती. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती तयार होत असे. तिच्या ट्रिगरच्या वरच्या बाजूला दोन उंचवटे असतात. पहिला उंचवटा टेकतो तेव्हा पहिला टप्पा, दुसरा टेकतो तेव्हा दुसरा. जर्मन माउझर रायफलमध्येही हेच तत्त्व होते.

सैनिकी रायफलमध्ये ही रचना प्रामुख्याने सुरक्षिततेसाठी आली. ट्रिगर मोकळा असताना सिअरची पकड खोल असते. रायफल आपटली, धक्का बसला तरी ती सहज सुटत नाही. पहिला टप्पा ओढताना ही पकड कमी होत जाते आणि शेवटी अगदी थोडी उरते. म्हणजे खांद्यावर असताना रायफल सुरक्षित आणि नेम धरल्यावर ट्रिगर नेमका. दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेत साधल्या जातात. स्पर्धेच्या रायफलींनी हेच तत्त्व घेतले. फक्त किलोंमधले वजन ग्रॅमवर आणले.

इतक्या बारकाव्याची गरज का?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर सर्वांत आतला १० गुणांचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याबाहेरचे प्रत्येक वर्तुळ २.५ मिलिमीटर अंतरावर. पेलेटचा व्यास ४.५ मिलिमीटर.

आता रायफलकडे पाहू. मागची पीप साईट आणि पुढची फोरसाईट यांत साधारण ८० सेंटीमीटर अंतर धरले, तर फोरसाईट फक्त ०.२ मिलिमीटर बाजूला सरकली की १० मीटरवर मार २.५ मिलिमीटरने चुकतो. म्हणजे एक संपूर्ण गुण गेला. मोठ्या स्पर्धांत तर गुण दशांशात मोजतात. १०.० ते १०.९ या पट्ट्यात प्रत्येक ०.१ गुणामागे लक्ष्यावर पाव मिलिमीटरचा फरक असतो. त्यासाठी फोरसाईट हलते सुमारे ०.०२ मिलिमीटर. माणसाचा केस याहून जाड असतो.

आणि ही हालचाल घडवणारे सर्वांत जवळचे कारण कोणते? ट्रिगर ओढणारे आपलेच बोट. नेम कितीही अचूक असला तरी शेवटच्या क्षणी बोटाने रायफलला ढकलले, की सगळी मेहनत वाया जाते. सिअर सुटल्यापासून पेलेट नळीबाहेर पडेपर्यंत काही मिलिसेकंद जातात आणि त्या वेळेत रायफल स्थिर राहावी लागते.

पॅरिसच्या अंतिम फेरीत काय दिसले?

कुसाळेने पात्रता फेरीत ५९० गुण मिळवत सातवे स्थान घेतले. अंतिम फेरीत गुडघ्यावर बसून नेमबाजी झाल्यानंतर तो सहावा होता. झोपून नेमबाजी झाल्यावर पाचवा. शेवटी उभ्या स्थितीत तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांसह तिसरा आला. चीनच्या लिऊ युकुनने ४६३.६ गुणांसह सुवर्ण, तर युक्रेनच्या सेरही कुलिशने ४६१.३ गुणांसह रौप्य जिंकले. ४४ शॉट्समध्ये ४५१.४ म्हणजे कुसाळेची सरासरी प्रत्येक शॉटमागे सुमारे १०.२६.

तिन्ही स्थितींत उभ्याने नेमबाजी सर्वांत कठीण मानली जाते. झोपल्यावर दोन्ही कोपरे जमिनीवर टेकतात, गुडघ्यावर बसल्यावरही एका हाताला आधार असतो. उभ्याने मात्र सगळा भार दोन पाय आणि कमरेवर येतो. रायफल कधीच पूर्ण स्थिर होत नाही, ती सतत हलकीशी झुलत असते. ती ठिपक्यावर स्थिरावते तो क्षण फार छोटा असतो. त्या क्षणी ट्रिगरचा पहिला टप्पा आधीच पार झालेला असेल आणि बोट ‘वॉल’वर थांबलेले असेल, तर उरते फक्त शेवटचे काही ग्रॅम. दोन टप्प्यांच्या ट्रिगरचा खरा उपयोग इथे आहे. निर्णय आणि गोळी सुटणे यांतले अंतर तो कमी करतो.

हाच कुलिश २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्येही भारतीयांच्या वाटेत आला होता. १० मीटर एअर रायफलमध्ये अभिनव बिंद्रा आणि कुलिश यांच्यात शूट-ऑफ झाला. कुलिशने १०.५, तर बिंद्राने १०.० गुण घेतले. बिंद्राला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. अर्ध्या गुणाचा हा फरक लक्ष्यावर मोजला तर सव्वा मिलिमीटर भरतो. त्याआधी २००८ मध्ये बीजिंगला याच बिंद्राने शेवटच्या शॉटवर १०.८ गुण घेऊन सुवर्णपदक नक्की केले होते.

चांगला ट्रिगर बोटाला कसा जाणवतो?

अनुभवी नेमबाज आणि प्रशिक्षक साधारण चार गोष्टी तपासतात.

पहिली, पहिल्या टप्प्याची सफाई. ट्रिगर मागे येताना दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखा हवा. मध्येच अडकणे, खरखर, करकर नको. बोट उचलले की ट्रिगर पुन्हा मूळ जागी आला पाहिजे.

दुसरी, ‘वॉल’ची स्पष्टता. पहिला टप्पा कुठे संपला हे डोळे मिटूनही कळले पाहिजे. ही जागा प्रत्येक वेळी तीच हवी. इथे बोट काही सेकंद थांबवता आले पाहिजे आणि त्या वेळेत गोळी सुटता कामा नये.

तिसरी, दुसऱ्या टप्प्याची मोड. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे एका उदाहरणात समजेल. वाळलेली तुराटी हातात घेऊन मोडली की ती कट्टकन तुटते, आधी वाकत नाही. ओली तुराटी मात्र वाकत वाकत, साल ओढत मोडते. ट्रिगरचा दुसरा टप्पा वाळलेल्या तुराटीसारखा हवा. दाब वाढतो, हालचाल जाणवत नाही आणि एका क्षणी तो सुटतो. तो ओल्या तुराटीसारखा सरकत सरकत सुटत असेल, तर त्या दोषाला ‘क्रीप’ म्हणतात. असा ट्रिगर नेमका कधी सुटेल याचा अंदाज मेंदू सारखा बांधत राहतो आणि नेमावरचे लक्ष उडते.

चौथी, सुटल्यानंतरची हालचाल. गोळी सुटल्यावर ट्रिगर आणखी बराच मागे गेला, तर बोट त्याच्यासोबत झटक्याने जाते आणि रायफल हलते. याला ‘ओव्हरट्रॅव्हल’ म्हणतात. ते थांबवण्यासाठी ट्रिगर स्टॉपचा स्क्रू असतो. तो फार घट्ट केला तर दुसरा टप्पा पूर्ण होण्याआधीच ट्रिगर अडतो आणि गोळीच सुटत नाही. त्यामुळे किंचित मोकळीक ठेवावी लागते.

मग जितका हलका तितका चांगला का?

हाच सर्वांत मोठा गैरसमज. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही. एअर पिस्टलला मात्र किमान ५०० ग्रॅम, २५ मीटर पिस्टलला १००० ग्रॅम आणि ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला १५०० ग्रॅमची अट आहे. पिस्टलची तपासणी करताना नळी उभी धरतात आणि ट्रिगरला ठरावीक वजन अडकवून ते उचलले जाते का, हे पाहतात.

अट नाही म्हणून रायफलचा ट्रिगर शून्यावर नेण्यात शहाणपण नाही. दर्जेदार स्पर्धा रायफलींचे ट्रिगर सहसा शंभर-दीडशे ग्रॅमच्या आत जुळवता येतात. समजा एकूण वजन १०० ग्रॅम ठेवले. त्यापैकी पहिल्या टप्प्यात ६० ते ७० ग्रॅम आणि दुसऱ्यात उरलेले ३० ते ४० ग्रॅम अशी विभागणी केली, तर ‘वॉल’वर पोहोचलेल्या बोटाला फक्त थोडा जादा दाब द्यावा लागतो. पण दुसरा टप्पा ५-१० ग्रॅमवर आणला तर ‘वॉल’ जाणवतच नाही. बोट पहिल्या टप्प्यातून थेट पलीकडे जाते आणि नेम लागण्याआधीच शॉट जातो. याउलट सगळे वजन दुसऱ्या टप्प्यात टाकले, तर तिथे जोर लावावा लागतो आणि मुलांना झटका देण्याची सवय लागते.

नवशिक्यांसाठी तर थोडा जड ट्रिगर हिताचा. स्पर्धेच्या दिवशी धडधड वाढते, बोटे गार पडतात, घाम येतो. अशा वेळी स्पर्शाची जाणीव बोथट होते. घरी छान वाटलेला अतिहलका ट्रिगर रेंजवर दगा देतो. एअर रायफलचे कमाल वजन साडेपाच किलो असते. तेवढ्या वजनाच्या वस्तूवर शंभर ग्रॅमचा सरळ, सावकाश दाब काही बिघडवत नाही. त्याच शंभर ग्रॅमचा तिरका झटका मात्र नेम हलवतो. म्हणजे वजनापेक्षा दाबाची दिशा आणि सलगता महत्त्वाची.

बोट कुठे आणि कसे ठेवायचे?

तर्जनीच्या पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर यावा आणि दाब सरळ मागे, नळीच्या रेषेत जावा. बोटाचा मधला भाग लाकडी मुठीला घासत असेल, तर दाबाची दिशा बिघडते. त्यासाठीच चांगल्या रायफलमध्ये ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकवता येते, थोडी फिरवताही येते. लहान हाताच्या मुलासाठी ही सोय ट्रिगरच्या वजनाइतकीच मोलाची असते. शाळेत एकच रायफल पाच मुले वापरतात तिथे प्रत्येकाच्या हाताप्रमाणे ही जागा बदलणे शक्य होत नाही. निदान कोणाच्या बोटाला ती लांब पडते आणि कोणाच्या जवळ, हे प्रशिक्षकाने पाहून ठेवलेले बरे.

क्रम साधारण असा असतो. रायफल लक्ष्यावर येत असताना पहिला टप्पा घ्यायचा. श्वास अर्धवट सोडून थांबायचे. बोट ‘वॉल’वर. चित्र स्थिर झाले की दाब सलग वाढवत न्यायचा. सहा-आठ सेकंदांत शॉट झाला नाही, तर हट्ट न करता रायफल खाली घ्यायची आणि नव्याने सुरुवात करायची. शॉट सुटल्यावरही सेकंदभर बोट मागेच धरून ठेवायचे. याला ‘फॉलो थ्रू’ म्हणतात.

स्वतः ट्रिगर कसा तपासायचा?

आधी सुरक्षितता. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि हे काम प्रशिक्षकासमोरच करा. आधुनिक एअर रायफलमध्ये ‘ड्राय फायर’ची सोय असते. तीत हवा किंवा पेलेट न वापरता ट्रिगरचा सराव करता येतो. नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या एअरगनवर मात्र रिकामा ट्रिगर मारू नका, आतल्या पिस्टनचे नुकसान होते.

मग डोळे मिटून दहा वेळा ट्रिगर ओढा. ‘वॉल’ दहाही वेळा एकाच जागी लागते का? तिथे पाच सेकंद थांबता येते का? थांबून बोट सोडले की ट्रिगर परत येतो का? दुसऱ्या टप्प्यात सरकल्याची जाणीव होते का? यापैकी एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर जुळवणी हवी. ती मात्र जाणकाराकडूनच. सिअरची पकड ठरवणारा स्क्रू चुकून जास्त फिरला, तर रायफल नुसत्या धक्क्यानेही सुटू शकते.

एक गोष्ट मराठवाड्यातील हवामानाची. उन्हाळ्यात धूळ खूप, त्यात ट्रिगरच्या यंत्रणेत सढळ हाताने तेल सोडले, की धूळ आणि तेलाचा चिकटा होतो आणि पहिल्या टप्प्यात खरखर सुरू होते. ट्रिगर बिघडला असे वाटते, तेव्हा अनेकदा तो नुसता घाण झालेला असतो. रायफल पेटीत ठेवणे आणि उत्पादकाने सांगितले तेवढेच तेल देणे, हा सोपा उपाय.

महागडी रायफल लगेच घ्यावी का?

राज्याचा अनुभव वेगळे सांगतो. अंजली भागवत एनसीसीतून नेमबाजीकडे वळल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेत्या ठरल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलचा विश्वविजेता झाला. कुसाळे २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, ऑलिम्पियन दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली घडला आणि पदकापर्यंत पोहोचायला त्याला १५ वर्षे लागली. ट्रिगरचे वजन कमी करून ही वर्षे कमी होत नाहीत.

सुरुवात क्लब किंवा शाळेच्या रायफलवर करावी. शालेय स्पर्धांत ओपन साईट आणि पीप साईट असे वेगळे प्रकार असतात. ओपन साईटच्या साध्या एअरगनचा ट्रिगर जड आणि थोडा खरखरीत असला तरी त्यावर सलग दाब द्यायला शिकलेले मूल पुढे चांगल्या ट्रिगरवर लवकर रुळते. उलट प्रवास कठीण जातो.

कायद्याचे काय?

.२२ रायफलसाठी शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवाना लागतो. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर कॅलिबरच्या आणि २० ज्यूलच्या मर्यादेतील एअर रायफलला परवान्याची गरज नाही. १० मीटर स्पर्धेच्या एअर रायफलची ऊर्जा साधारण आठ ज्यूलच्या आसपास असते. तरीही खरेदीपूर्वी स्थानिक पोलिस ठाण्यात चौकशी करावी, बिल जपून ठेवावे आणि घरी रायफल व पेलेट वेगवेगळ्या जागी कुलपात ठेवावेत. परवाना नाही म्हणजे खेळणे नव्हे. आठ ज्यूलचे पेलेट डोळा कायमचा घालवू शकते.

लक्षात ठेवण्यासारखे

• पहिला टप्पा मऊ आणि सारखा, ‘वॉल’ स्पष्ट, दुसरा टप्पा न सरकता सुटणारा.
• सर्वांत हलका ट्रिगर नको, प्रत्येक वेळी तोच अनुभव देणारा ट्रिगर हवा.
• नवशिक्याने थोड्या जड ट्रिगरवर सुरुवात करावी, वजन हळूहळू कमी करावे.
• नेम धरण्याआधी बोट कधीही ट्रिगरवर नको.
• स्क्रू फिरवायची घाई नको. आधी साफसफाई, मग बोटाची जागा आणि सर्वांत शेवटी वजन.